कोडी नसलेले तळे

धारवाडच्या सुभाष रोडवर वर काय आहे ते वाचनाची आवड असलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. १९३३ साली सुरू झालेल्या मनोहर ग्रंथमालेचा ‘अट्ट’ याच रस्त्यावर आहे. अट्ट म्हणजे आपला माळा. कन्नडमधल्या किती तरी मोठ्या लेखकांच्या बैठका त्या माळ्यावर झाल्या. पण या रस्त्याच्या खाली काय आहे, असे कोणी विचारले तर आपण पाण्याचे नळ आणि गटारे यांच्यापलीकडे जात नाही.

खाली दगड आहे, आणि तो साधासुधा नाही. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात दक्षिण भारतातल्या अतिप्राचीन खडकांच्या एका मोठ्या समूहाला आपल्या गावाचे नाव दिले. पेढा आणि गाणे यांच्यामुळे धारवाड देशाला माहीत झाले, पण जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत ते गेले ते दगडामुळे. या खडकांचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक आहे. इतक्या जुन्या, इतक्या शांत जमिनीवर आपण भाजी घेत उभे असतो.

अशा जमिनीवर राहणाऱ्यांनी एकदा तरी बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जाऊन यावे असे मला वाटते. जमीन कोट्यवधी वर्षे स्वस्थ पडून राहू शकते हे आपल्याला इथे बसून कळते. तिला एका क्षणात काय होऊ शकते, ते लोणारच्या काठावर उभे राहून वरून पाहिल्यावर कळते.

दगड बदलत जातो

हुबळीहून राष्ट्रीय महामार्ग ५२ धरला की तो थेट बीडपर्यंत सोडावा लागत नाही. पुढे गेवराई, जालना, मंठा करीत लोणार. एकूण अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या घरात. घरची वडीलधारी माणसे बरोबर असतील तर सोलापूर किंवा तुळजापूरला मुक्काम करून दोन दिवसांत आरामात जाता येते. आम्ही तसेच गेलो. गाडीत आम्ही दोघे, मुलगा-सून, दहा वर्षांचा नातू आणि सुनेचे वडील, म्हणजे आमचे व्याही. ते कलघटगी तालुक्यातले शेतकरी. मराठी त्यांना सगळी कळते, बोलतात मात्र कन्नडच.

या रस्त्याची गंमत अशी की खिडकीतून नीट पाहिले तर दगड बदलत गेलेला दिसतो. नवलगुंद, नरगुंद मागे पडेपर्यंत दोन्ही बाजूंना काळी सपाट शेते. केरूरच्या आसपास तांबडा वालुकाश्म डोके वर काढतो. बदामीची लेणी आणि ऐहोळेची देवळे याच दगडातली. कोल्हारला कृष्णा ओलांडून विजयपुराकडे निघालो की काळ्या दगडाचा मुलूख लागतो. गोलघुमट या काळ्या दगडाचा आहे. हा बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा वाहून आला, थरावर थर पसरला आणि थंड झाला. सह्याद्रीपासून विदर्भापर्यंतची बहुतेक जमीन त्याच्यावरच वसली आहे. आपले बेळगावही त्याच दगडाच्या दक्षिण कडेवर आहे.

तांबडा दगड संपतो तिथे कन्नड संपत नाही आणि काळा दगड सुरू झाला म्हणून लगेच मराठीही सुरू होत नाही. सोलापूरच्या हॉटेलात आमचे व्याही कन्नडमध्ये चहा मागत होते आणि चहावालाही त्यांना कन्नडमध्येच ‘साखर किती’ विचारत होता.

काठावरून

लोणार गावातून चालत जाताना तळे दिसत नाही. जमीन थोडी चढणीला लागते एवढेच. विवराची कड भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे वीस मीटर उंच आहे, त्यामुळे समोर एखादा बांध किंवा लहानशी टेकडी असावी असे वाटते. चार पावले आणखी टाकली की पुढची जमीनच नाहीशी होते. खाली भला मोठा गोल वाडगा, त्याच्या बाजूंवर झाडी आणि तळाशी हिरवट पाणी.

आकडे सांगते, म्हणजे अंदाज येईल. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठाकाठाने फेरी मारायची तर साडेपाच किलोमीटरहून जास्त चाल पडते. काठापासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १४० मीटर. आदल्या दिवशी आम्ही गोलघुमट पाहिला होता. तो एकावर एक ठेवत गेलो तर पावणेतीन घुमट त्या खड्ड्यात मावतील. तळाशी जे पाणी आहे त्याचीच रुंदी सव्वा किलोमीटरच्या आसपास.

सकाळी लवकर गेलात तर उत्तम. ऊन आधी पश्चिमेच्या कडेवर पडते आणि हळूहळू खाली उतरत पाण्याला लागते. पाण्याच्या कडेने क्षारांचा पांढरट पट्टा दिसतो. त्याच्या बाहेर झाडीचे कडे, आणि झाडीत कमळजा देवीचे देऊळ आगपेटीएवढे. मोर ओरडतात, पण तो आवाज झाडावरून यावा तसा येत नाही, पायाखालून वर येतो. नातवाला याचेच सर्वांत जास्त नवल वाटले.

काठावरच्या कातळाकडेही लक्ष द्यावे. एरवी महाराष्ट्रात बेसॉल्टचे थर पोळ्यांच्या चवडीसारखे आडवे असतात. इथे कडेवरचे थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. आतून कोणीतरी जोराने उचकटून बाहेर लोटावेत तसे. हे जमिनीनेच लिहून ठेवलेले टिपण आहे. ते वाचायला माणसांना बराच काळ लागला.

ज्वालामुखी की आकाशातला दगड?

१८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. त्याच्याही आधी ‘आईन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख आलेला आहे. पुढे बराच काळ हे ज्वालामुखीचे काम असावे असे मानले जाई. ते स्वाभाविकच होते, कारण चहूकडे सगळा ज्वालामुखीचाच दगड. १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने अ‍ॅरिझोनातल्या तशाच एका गोल खड्ड्याचा विचार करताना लोणारशी त्याचे साम्य दाखवले. दोन्ही खड्डे वाफेच्या स्फोटाने झाले असावेत असा त्याचा कल होता. साम्य त्याने बरोबर ओळखले होते. अ‍ॅरिझोनाचा खड्डा अशनीच्या आघाताने झाला हे १९६० च्या सुमारास सिद्ध झाले. अशनी म्हणजे जमिनीपर्यंत पोहोचलेली उल्का.

लोणारचा निकाल १९७३ साली लागला. भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात आपला अभ्यास छापला. तळ्याच्या गाळाखाली भोके पाडून त्यांनी जे तुकडे वर काढले, त्यांत दगडातले खनिज न वितळताच काचेसारखे होऊन गेलेले सापडले. त्या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. प्रचंड दाबाचा धक्का एका क्षणात बसल्याशिवाय ती तयार होत नाही, आणि तेवढा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही.

मग हे घडले कधी? आधीच्या एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे असे उत्तर आले होते आणि तेच अनेक पाट्यांवर, पुस्तकांत छापले गेले. २०११ साली आर्गॉन वायूवर आधारलेल्या अधिक काटेकोर पद्धतीने ५ लाख ७० हजार वर्षे असे उत्तर मिळाले. फरक दहापटीहून अधिक. नातवाला हे आकडे पेलेनात, म्हणून आम्ही गाडीतच हिशेब मांडला. सुभाष रोडखालच्या दगडाचे अडीचशे कोटींचे वय म्हणजे एक वर्ष धरा. मग लोणारचा काळा कातळ तयार झाला २२ डिसेंबरच्या सुमाराला. आणि आकाशातून तो दगड येऊन आदळला ३१ डिसेंबरला रात्री दहा वाजता.

बेसॉल्टमध्ये झालेली विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत, आणि त्यांत इतके सुस्थितीत राहिलेले हेच. चंद्रावर जे काळे डाग आपल्याला इथून दिसतात तेही बेसॉल्टचेच आहेत. म्हणून चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे लोणारला येतात. चंद्रावर जाऊन पाहायचे ते बुलढाणा जिल्ह्यात उभे राहून बरेचसे पाहता येते.

व्याह्यांचा प्रश्न

हे सगळे मुलगा सांगत होता आणि आम्ही माना डोलवत होतो. व्याही मात्र काठावरून डोळ्यांवर हात धरून सारखे काहीतरी शोधत होते. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, “अक्कार, ई केरी कोडी यल्लैत्रि?”

कोडी म्हणजे तळ्याचा सांडवा. आपल्याकडे पाऊस चांगला झाला की लोक एकमेकांना ‘कोडी पडली’ असे आनंदाने सांगतात. उणकलचे तळे भरून कोडी वाहू लागली की ती पाहायला हुबळीची माणसे मुलाबाळांना घेऊन जातात. ज्याने आयुष्यभर गावच्या तळ्यावर शेती केली, तळ्यातला गाळ काढून शेतात टाकला, त्याची नजर पाण्याआधी कोडीवरच जाणार.

नातू म्हणाला, “अज्जा, कोडी इल्ल.” त्याला ते पुस्तकातून माहीत होते. चहूकडून कड सारखीच उंच, पाणी बाहेर जायला जागाच नाही.

व्याही जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कोडी इल्लंद्र अदु केरी अल्ल, गडिगी.” कोडी नसेल तर ते तळे नव्हे, गाडगे.

लोणारचे सारे रहस्य त्या एका वाक्यात आहे. पावसाचे पाणी काळ्या कातळावरून झिरपत, क्षार घेत घेत या गाडग्यात उतरते. गोमुखाजवळची धार बारा महिने आत पडते. ते पाणी चांगले गोडे, लोक तिच्याखाली आंघोळ करतात. आत आलेल्या पाण्याला निघून जायला वाट एकच, उन्हाने वाफ होऊन. वाफ जाते, क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हेच चालले आहे. म्हणून तळ्याचे पाणी खारट, आणि साबणाच्या पाण्यासारखे बुळबुळीतही. त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. आपल्या पापडखाराच्या जातीचेच हे क्षार. पूर्वी उन्हाळ्यात पाणी आटले की ते गोळा करून विकले जात.

गावाचे नावही लवणावरूनच आले असे मानतात. लवणाचे मराठीत लोण झाले आणि लोणच्यात जाऊन बसले. कन्नडमध्ये मीठ म्हणजे उप्पु आणि लोणचे म्हणजे उप्पिनकायि. दोन्ही भाषांनी बरणीवर मिठाचेच नाव लिहिले. सुनेने हे दाखवून दिले तेव्हा आमच्या गाडीतल्या शिदोरीतल्या बरणीकडे सगळ्यांचे लक्ष गेले.

गाडगे म्हटले की झाकण आले. लोणारच्या पुराणकथेत तेही आहे. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली लपून राहत होता. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींकडून जागा काढून घेतली आणि पायाच्या अंगठ्याने त्या बिळावरचे झाकण उडवून दिले. पाणी हे दैत्याचे रक्त आणि खार हे त्याचे मांस, असे सांगतात. गावातले दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ याच कथेचे. ते जरूर पाहावे. आपल्या भागातली जुनी देवळे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तिथल्या भिंतींवरचे कोरीव काम परके वाटणार नाही.

आणखी वरून

काठाहूनही उंच अशी एक जागा आहे, आणि तिथे जायला गाडी लागत नाही. उपग्रहाने काढलेली चित्रे आता घरोघरी मोबाइलवर दिसतात. त्यांत लोणार शोधावे. शेतांच्या चौकोनी तुकड्यांमध्ये एकच नेटका गोल दिसतो, आणि त्याला अगदी खेटून घरांचा पुंजका. तो पुंजका म्हणजे लोणार गाव. काठावर उभे राहिले की गाव आपल्या पाठीमागे असते, त्यामुळे ते विसरायला होते. उपग्रहाच्या उंचीवरून गाव आणि तळे एकाच चित्रात येतात.

२०२० च्या जून महिन्यात या गोलाचा रंग बदलला. २५ मे रोजी उपग्रहाने टिपलेले हिरवट पाणी १० जूनच्या चित्रात गुलाबी झालेले होते. टाळेबंदीत घरी बसलेल्या सगळ्या देशाने ती चित्रे पाहिली. कोणी शकुन म्हणाले, कोणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटल्याने क्षार वाढले होते आणि खाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ या सूक्ष्म जीवांनी तो रंग आणला होता. पाऊस पडून खारटपणा उतरल्यावर रंगही गेला. तळ्याचा स्वभाव किती नाजूक तोलावर उभा आहे, ते या एका उन्हाळ्यात सर्वांना दिसले.

हा तोल खारटपणा वाढून जसा ढळतो तसाच उतरूनही ढळतो. या पाण्यातले शेवाळ आणि सूक्ष्म जीव दुसरीकडे सहसा आढळत नाहीत. गोडे पाणी प्रमाणाबाहेर उतरले, त्यात गावाचे सांडपाणी, साबण आणि शेतातली खते आली, तर त्यांचे दिवस कठीण होतात. लोणारच्या सांडपाण्याचा प्रश्न अनेक वर्षे गाजतो आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही त्यात लक्ष घातले आहे. उतारावर माजलेली वेडी बाभूळ काढण्याचे काम वनखात्याने हाती घेतले. विवराचा परिसर २००० साली अभयारण्य झाला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारचे नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. २०२४ साली आपल्या गदग जिल्ह्यातले मागडीचे तळेही त्याच यादीत आले, हे इथे सांगायला हवे.

साध्या तळ्याला कोडी असते. आपण त्यात घाण टाकली तर एखाद्या पावसाळ्यात ती वाहून जाते, निदान आपल्या डोळ्यांआड होते. साधनकेरीच्या काठी द. रा. बेंद्रे राहिले. मातृभाषा मराठी आणि कविता कन्नड असलेल्या या कवीमुळे ते तळे दोन्ही भाषांच्या घरांत प्रेमाचे झाले. त्या तळ्यालाही माणसांनी काही कमी त्रास दिला नाही, पण पाण्याला ये-जा आहे म्हणून आशा राहते. लोणारला ती सोय नाही. तिथे आत गेलेली प्रत्येक गोष्ट आतच राहते. पाच लाख वर्षांचे क्षार राहिले तसे आमच्या पिढीचे प्लॅस्टिकही राहील.

जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. उन्हाळ्यात विवराच्या आत वारा लागत नाही आणि कातळ तापतो. नवरात्रात कमळजा देवीची यात्रा असते, तेव्हा गर्दी धरूनच चालावे. खाली उतरायची वाट गोमुखाच्या बाजूने आहे. उतरणे सोपे, चढणे दमवणारे. गुडघे दुखणाऱ्यांनी काठावरच बसावे, त्यांचे काही चुकत नाही. हे विवर नीट दिसते ते वरूनच. आमचे व्याही काठावरच बसले आणि आम्ही खाली जाऊन येईपर्यंत त्यांनी तिथल्या एका गुराख्याकडून, त्याच्या मराठीत आणि आपल्या कन्नडमध्ये, पाऊसपाण्याची सगळी माहिती काढली होती.

खाली गेलात तर कमळजा देवीजवळची ‘सासू-सुनेची विहीर’ विचारून घ्या. तिचे पाणी एका बाजूला गोडे आणि तळ्याच्या बाजूला खारट लागते असे लोक सांगतात. गोडी बाजू सासूची की सुनेची, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही.

परतताना सिंदखेडराजा वाटेवर ठेवता येते. जिजाऊंचे जन्मगाव त्याच जिल्ह्यात आहे, मुलांना ते दाखवावे. आणि लोणारच्या काठावर जाल तेव्हा एक रिकामी पिशवी बरोबर असू द्या. आपण नेलेले सगळे कागद, बाटल्या आणि डबे तिच्यात घालून परत आणायचे. वरून टाकलेली वस्तू त्या गाडग्यातून पुन्हा बाहेर येत नाही.